अठरा किलोचं सीताफळ

“बंद कर बे! पट्टा बंद कर, हवा बंद कर, गावाची लाईट बंद कर, पण हे थांबव!”

मिस्त्री चाचा टेबलाखालून ओरडत होते. सत्तरीच्या माणसाला इतक्या चपळाईनं टेबलाखाली शिरताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. त्यांच्या पांढऱ्या दाढीत सीताफळाचा गर होता, टोपीवर दोन काळ्या बिया होत्या, आणि टेबलाच्या वरून पिकलेली सीताफळं एकामागून एक सूं सूं करत शेडच्या उघड्या बाजूनं बाहेर निघाली होती. पट्ट्यावर फळ यायचं, झडप त्याला थोबाडीत द्यायची, आणि फळ आपलं गाव सोडायचं.

मी बटणाकडं धावलो. पहिल्यांदा पंखा बंद केला, दुसऱ्यांदा बल्ब, तिसऱ्यांदा यंत्र. तेवढ्या वेळात एक फळ तीन रानं ओलांडून गेलं. एक, लोक सांगतात, आष्टीच्या बाजारात जाऊन पडलं आणि तिथं विकलंही गेलं. ह्याला माझ्याकडं पुरावा नाही. पण एक फळ रस्त्यानं मोटरसायकलवर येणाऱ्या ऊसतोडीच्या मुकादमाच्या छातीवर बसलं, ह्याला खुद्द मुकादम साक्षीदार आहे. त्याचा इस्त्रीचा पांढरा सदरा होता. तो गाडी लावून खाली उतरला, छातीकडं बघितलं, बोटानं गर काढून चाटला आणि म्हणाला, “गोड हाय.”

मी खोटं बोलत नाही. खऱ्याला जरा शेणखत घालतो, म्हणजे ते जोमानं वाढतं. बाकी ह्या गोष्टीतली मुख्य चूक जशी झाली तशीच सांगणार आहे, कारण ती माझी आहे, आणि तिला खत घालायची गरज नाही.

हे शेड पाटोद्यापासून पाच-सहा मैलांवर, आमच्या वस्तीच्या कडेला. आमच्याकडच्या डोंगरांत सीताफळ कोणी लावत नाही, ते आपलं आपणच उगवतं, आणि दसऱ्याच्या सुमारास सगळं एकदम पिकतं. सकाळी दगडासारखं असलेलं फळ दुसऱ्या दिवशी हातात फुटतं. म्हणून आल्या आल्या निवड करावी लागते: टणक फळ बाजाराला, मऊ पडलेलं फळ गर काढायला. हाताळलं की खराब होतं, आणि हाताळल्याशिवाय कळत नाही. ह्यावर आम्ही तिघांनी यंत्र काढलं होतं.

लोखंड चाचांचं. पाटोद्यात त्यांचं दुकान; इंजिन, मोटर, पंप, जे बिघडेल ते. त्यांनी रसवंतीचे दाते, बंद पडलेल्या गिरणीचा पट्टा आणि पंक्चरवाल्याचा जुना कंप्रेसर असं तीन मेलेल्यांचं मिळून एक जिवंत उभं केलं. पट्ट्यावर फळ येतं, खालचा काटा वजन घेतो, वरचा कॅमेरा फळाचे डोळे किती उघडलेत ते बघतो, आणि शेवटी हवेच्या जोरावर हलणारी झडप त्याला डावीकडं किंवा उजवीकडं लोटते. फळ जड असेल तर जोर जास्त, हलकं असेल तर कमी. ही जोराची अक्कल माझी, आणि मला तिचा लई अभिमान होता.

नियम ताईंचे. ताई म्हणजे आमच्या शेजारच्या घरच्या. बारावी सायन्स झालेल्या, पण त्यानंतर सात हंगाम नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आमच्याकडं, म्हणजे एकानं नाही म्हटलं की दुसराही घरी. मी पुण्यातली आठ वर्षांची नोकरी घेऊन गावी आलो, म्हणजे लॅपटॉप घेऊन लिंबाच्या झाडावर बसलो, कारण रेंज तिथंच होती. तेव्हा खालून जाताना ताईंनी विचारलं, “भाऊ, हे जे लिहिताय ते शिकता येतं का?” मी वरून म्हटलं, येतं की. मला वाटलं, चार दिवसांत सोडतील. चार महिन्यांत त्या पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत असं लिहायला लागल्या की मी माझ्या पुण्याच्या मित्रांना त्यांचा प्रोग्रॅम माझा म्हणून दाखवला. पायथनला मराठी नावं चालतात. ताईंचा प्रोग्रॅम वाचला की माहेरी पाठवलेलं पत्र वाचल्यासारखं वाटायचं: फळ मऊ असेल तर उजवीकडं, नसेल तर डावीकडं, शंका असेल तर मला बोलवा.

आणि लोखंडाला जे थेट हुकूम द्यायचे, काट्याला, कॅमेऱ्याला, झडपेला, ते मी सी भाषेत लिहिलेलं. ती यंत्राच्या कानात बोलणारी भाषा. झटपट, आणि अजिबात बोलकी नाही.

तर इकडं ताईंची बोलकी बाजू, तिकडं माझी मुकी बाजू, आणि मधे जोड. ताईंच्या बाजूनं एखादी वस्तू जोडातून पलीकडं दिली की माझी बाजू ती उघडून बघायची आणि झडप मारायची. फळ म्हणजे एक लहानशी पेटी समजा: पहिल्या खणात वजन, दुसऱ्या खणात ते मऊ पडायला किती दिवस बाकी. ह्या जोडातच सगळा घोळ झाला.

शनिवारी पुण्याहून एक बाई येणार होत्या. आइस्क्रीम बनवणाऱ्या एका कंपनीसाठी गर घ्यायचं त्या बघायच्या. त्यांना यंत्र पटलं तर अख्ख्या हंगामाचं काम इथं, शेडमध्ये, आणि यंत्रावर ताई. आणि सोमवारी सकाळी फाट्यावर कारखान्याला जाणारी गाडी लागणार होती. मुकादम त्यासाठीच आला होता, ताईंचं हो की न्हाई ऐकायला. ताईंनी त्याला आठ दिवस टोलवलं होतं. आठव्या हंगामाला जायचं नाही, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्या बोलून दाखवत नव्हत्या, पण त्या वर्षी त्यांनी अंगणात वांग्याची रोपं लावली होती. गाव सोडून जाणारा माणूस दसऱ्याला वांगी लावत नाही.

आणि बुधवारी, पहिल्यांदाच सगळं जोडून चालवलं, तर हे असं. तोवर मी माझी बाजू माझ्याच नमुन्यावर तपासलेली आणि ताईंनी त्यांची त्यांच्या.

माझी पहिली चौकशी अर्थातच चाचांच्या दिशेनं निघाली. कंप्रेसर पंक्चरवाल्याचा, झडपेला हवा सोडणारा व्हॉल जुना, हवा जास्त सुटत असणार, असं मी म्हणालो, आणि तेही अशा आवाजात की जणू मी व्हॉलच्या मांडीवर वाढलो. चाचांनी व्हॉल खोलला, रॉकेलमध्ये धुतला, एकेक तुकडा पेपरवर मांडला, परत बसवला. दोन तास गेले. दाढीतला गर तोवर वाळला होता.

मग म्हणाले, “व्हॉलमधे काय बी न्हाई, इंजिनेर. त्याला जेवढं सांगितलं तेवढंच तो मारतो. सांगतंय कोण, ते बघ.”

मी लॅपटॉपवर बघितलं. झडपेला मिळालेला हुकूम होता अठरा किलोच्या फळासाठी. मऊ पडायला बाकी दिवस: बहात्तर. अठरा किलोचं सीताफळ! ते पट्ट्यावर चढवायला चार गडी आणि एक बैलजोडी लागली असती. झडपेनं बिचारीनं अठरा किलो लोटायचा जोर लावला आणि पावशेराच्या फळाला चंद्राच्या वाटेला लावलं.

मग मी ताईंचा प्रोग्रॅम उघडला, आणि सापडलं. झडपेकडं जिथं फळ द्यायचं, तिथं त्यांनी कॅरेट दिलं होतं. कॅरेट, म्हणजे ज्यात फळं भरून येतात तो प्लास्टिकचा खोका. त्याचीही प्रोग्रॅममध्ये एक पेटी होती. पहिल्या खणात वजन, अठरा किलो. दुसऱ्या खणात आत किती फळं आहेत ते, बहात्तर. माझ्या मुक्या बाजूनं कॅरेटच्या पेटीला फळाची पेटी समजून खण उघडले होते.

“ताई, इथं कॅरेट कावून दिलं?” मी विचारलं.

त्यांना प्रश्नच कळला नाही. “मग काय द्यायचं?”

“फळ.”

“तेच की. अडतीवर काय करतात? वरचं एक फळ उचलून दाखवतात, आन् बोली लागती ती कॅरेटाची. वरचं फळ म्हंजी कॅरेट, आन् कॅरेट म्हंजी वरचं फळ. आमच्या बापानं जल्मभर तसंच इकलं.”

आता ह्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण ही चूक करायला आमच्याच भागातला माणूस पाहिजे. सीताफळ आमच्याकडं कोणी एकेक तोलत नाही. अडत्या वरचं फळ उचलतो, डोळे बघतो, आणि खालची एकाहत्तर न बघता सौदा होतो. ताईंनी तोच व्यवहार प्रोग्रॅममध्ये उतरवला होता. आणि त्यांच्या बाजूला तो चाललाही होता, कारण पायथनचा स्वभाव आमच्या बाजारासारखाच: वजन विचारलं, समोरच्यानं वजन सांगितलं, विषय संपला. तू फळ का कॅरेट, हे कोणी विचारत नाही.

पण हे सगळं मला नंतर सुचलं. त्या क्षणी मी काय केलं, तर चाचांच्या समोर, बाहेरच्या मुकादमालाही ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणालो, “चूक तुमच्या प्रोग्रॅममध्ये आहे.”

ताईंनी पडद्याकडं बघितलं. मग लॅपटॉप हळूच मिटला, जसं झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं तसं. बाहेर हौदावर मुकादम सदरा धूत होता. त्या त्याच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, दोघांचं नाव धरा. माझ्यानं हे व्हायचं न्हाई.

त्या गेल्यावर मी त्यांच्या ओळीत एक शब्द बदलला. कॅरेटच्या जागी फळ. यंत्र चालवलं. झडपेनं फळाला असं लोटलं, जशी आई लेकराला शाळेच्या फाटकातून आत लोटते. चाचांनी टेबलाखालून डोकं काढून बघितलं आणि मान डोलावली. काम झालं होतं. शनिवारी पुण्याच्या बाई आल्या असत्या, मी स्वतः यंत्र चालवून दाखवलं असतं, टाळ्या मी घेतल्या असत्या. मला टाळ्या आवडतात, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण चाचांचं ते वाक्य डोक्यात भुणभुण करत होतं. सांगतंय कोण, ते बघ.

मी माझीच बाजू उघडली. म्हटलं, बघू तरी, ही काय काय गिळते. झडपेला फळाच्या ऐवजी आजची तारीख दिली. तिनं तारीख घेतली, पहिला खण उघडला, आणि वजन काढलं: बालाघाटाच्या डोंगराएवढं. एक रिकामी यादी दिली, तर सगळा प्रोग्रॅम जागच्या जागी मेला, मरताना हूं की चूं केलं नाही. माझ्या दारात कोणीही यावं, मी त्याला फळ म्हणून आत घ्यावं आणि खिशात हात घालावा, असा कारभार. प्रत्येक वस्तूच्या कपाळावर ती कोण आहे ह्याची चिठ्ठी असते. बोलकी बाजू मुक्या बाजूला देताना ती चिठ्ठी तशीच येते. फक्त वाचावी लागते. मी वाचत नव्हतो. एक ओळ लिहायची होती, ती मी लिहिली नव्हती.

का नाही लिहिली, ह्याचं मी मनाशी मोठं सुंदर कारण तयार केलं. पुण्यात असतो तर विचारलं असतं. तिथं लिफ्टमध्ये चढताना पण कोणाकडं चाललात ते वहीत लिहावं लागतं. इथं वस्तीत, शेजारच्या ताईंच्या हातून आलेल्या गोष्टीला ‘तू कोण’ म्हणून विचारणं बरं दिसत नाही, म्हणून मी विश्वासावर घेतलं. ऐकायला छान आहे. खरं कारण आळस. माझ्या मनात त्या पलीकडून फळच येणार होतं, तर विचारत कोण बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईंच्या अंगणात गेलो. भांडी पोत्यात भरून झाली होती. त्यांचे मालक शेळ्या भावाकडं पोचवायला निघाले होते. वांग्याच्या रोपांना कोणीतरी पाणी घातलं होतं, बहुतेक सवयीनं.

मी खाटेवर बसलो आणि सुरुवात दूरवरून केली. काय आहे, म्हटलं, ही यंत्रं फार नाजूक, हवेत धूळ असली तर काट्यावर परिणाम होतो, काल वाराही जरा पश्चिमेचा होता...

“भाऊ,” ताई म्हणाल्या, “सरळ सांगा.”

मग सरळ सांगितलं. माझ्या आयुष्यात मी इतकं सरळ फार थोड्या वेळा बोललो असेन. चूक माझी होती, म्हटलं. तुमच्याकडून जे येतं ते फळ आहे का, हे मी बघायलाच पाहिजे होतं. मी बघत नव्हतो. तुम्ही बैल दिला असता तरी मी फळ म्हणून घेतला असता.

“मग मी कॅरेट दिलं, ते?”

“ते चुकीचंच. पण ते दारातच अडवायचं काम माझं. अडवलं असतं तर तुम्हाला तिथल्या तिथं कळलं असतं, आणि एक शब्द बदलून तुम्ही पुढं गेला असता.”

“एक शब्द?”

“एकच.”

त्यांनी पोत्याची गाठ आवळली. मला वाटलं, आता ओरडतील. मी तयारी केली होती. मार खायची वेळ आली तर कुठून पळायचं तेही बघून ठेवलं होतं.

“विचारायचं की मग,” त्या म्हणाल्या. “विचारल्यानं काय अंगाला भोकं पडतात?”

“मला वाटलं, तुम्हाला वाटंल माझ्यावर भरवसा न्हाई.”

“भरवसा हाय म्हणून न विचारता घेतलं, आन् मग सगळ्यांसमोर माझीच चूक काढली. ह्यो भरवसा बरा हाय तुमचा.”

ताईंनी पोतं सोडलं नाही. पण त्यांनी आतून लॅपटॉप आणला, त्या भरलेल्या पोत्यावर ठेवला आणि उघडला.

त्याच दुपारी मी दारावर चौकीदार बसवला. झडपेकडं काहीही आलं की आधी त्याच्या कपाळावरची चिठ्ठी वाचायची: फळ असेल तर आत, नसेल तर परत. चाचांना शंका आली की दर फळाला विचारत बसलं तर पट्टा हळू पडेल. मी त्यांना सांगितलं की तुमची एक पापणी लवेपर्यंत माझा चौकीदार अख्ख्या बीड जिल्ह्याला नाव विचारून येतो आणि वर चहा पिऊन येतो. ह्यात खत फार नाही.

मुद्दाम कॅरेट देऊन बघितलं. झडप हलली नाही. मी खुश. मग खरी फळं पट्ट्यावर सोडली. टणक फळं बरोबर डावीकडं गेली. पहिलं मऊ फळ आलं आणि यंत्र थांबलं. दुसरं मऊ फळ, परत थांबलं. म्हणजे आता फळं उडत नव्हती, पण पिकलेलं एकही पुढं जात नव्हतं. तीच तर गरासाठी पाहिजे होती. आणि शनिवार परवावर आला होता.

ह्या वेळी मी कोणाची चूक काढली नाही. शिकलो होतो. शिवाय चाचांच्या हातात पाना होता.

ताईंनीच शोधलं. पिकलेल्या फळासाठी त्यांनी फळापासूनच एक वेगळा प्रकार काढला होता. फळाचं सगळं त्यात होतंच, वजन, दिवस, सगळं त्याच खणांत. वर त्यांनी आपलं थोडं घातलं होतं, साल कुठं फुटलीय का ते. त्याच्या कपाळावर चिठ्ठी होती: पिकलेलं. आणि माझा चौकीदार हटून बसला होता की चिठ्ठीवर ‘फळ’ एवढंच पाहिजे, दुसरं काही चालणार नाही.

“हे तर फळच हाय ना?” त्यांनी विचारलं.

“फळापासून आलेलं आहे.”

“मग? पोरगी सासरी गेली, आडनाव बदललं, म्हणून बापाची राहत न्हाई का? बापाच्या दारात तिला अडवणार तुमी?”

चाचा टेबलावर बसून बिडी पेटवत होते. ते म्हणाले, “आमच्या दुकानात कोण नवा पोऱ्या आला तर मी त्याचं नाव विचारत न्हाई. कुणाचा हायेस, ते विचारतो. बापाचं नाव सांगून बी न्हाई वळखलं, तर आज्याचं विचारतो. कुठं ना कुठं लागतंच.”

तेच करायचं होतं. चिठ्ठीवरचं नाव बघून थांबायचं नाही; ते नाव कोणापासून आलं, तो कोणापासून, असं वर वर जायचं, आणि वाटेत कुठं फळ लागलं तर आत घ्यायचं. कॅरेटच्या घराण्यात कितीही वर गेलं तरी फळ लागत नाही. ही सोय पायथननं आधीच करून ठेवलेली आहे, तयार. मीच घाईनं नुसतं तोंड बघणारा चौकीदार बसवला होता. पुण्यात मी ह्याच विषयावर एकदा तासभर बोललो होतो, पडद्यावर रंगीत बाण दाखवून. ताईंनी आणि चाचांनी ते एका बिडीत उरकलं.

मी ते बदललं. पिकलेली फळं सुखानं उजवीकडं जायला लागली.

मग ताई म्हणाल्या की अजून एक पाहिजे. कॅरेट आलं तर यंत्र गप्प उभं राहतं. कावून उभं राहिलं ते कसं कळणार? मी म्हटलं, थांबलं की समजायचं काहीतरी चुकलं. त्या म्हणाल्या, ते तर माणूस रुसला तरी समजतं, पण कशावरून रुसला ते समजत नाही, आणि त्यातच वर्ष जातं. तेव्हा त्याला बोलायला लावा: काय पाहिजे होतं, काय आलं, आणि माझ्या कितव्या ओळीतून आलं. आणि ते मराठीत.

म्हणून मग माझ्या मुक्या बाजूला पहिल्यांदा तोंड फुटलं. ताईंनी शब्द सांगितले, मी लिहिले: “इथं फळ पाहिजे होतं. आलं ते कॅरेट हाय.” ‘हाय’च्या जागी मी ‘आहे’ लिहायला गेलो, तर त्यांनी हात धरला.

शनिवारी पुण्याच्या बाई आल्या. पन्नाशीच्या, पायात बूट, डोक्याला उन्हाची टोपी, आणि चेहरा असा की हा चेहरा आजवर कोणत्याच यंत्रावर खुश झालेला नाही. मी भाषण तयार ठेवलं होतं. त्यांनी मला दुसऱ्याच वाक्याला थांबवलं आणि विचारलं, हे चालवणार कोण?

“मी,” ताई म्हणाल्या.

यंत्र चाललं. टणक डावीकडं, मऊ उजवीकडं, एकही फळ हवेत नाही. बाईंनी उजवीकडचं एक उचललं, फोडलं, खाल्लं, बिया पेपरवर ठेवल्या. मग म्हणाल्या, समजा, मला मऊ फळातली लहान वेगळी पाहिजेत, लहान फळात बिया जास्त, गर कमी. करता येईल? आत्ता?

ताईंनी लॅपटॉप ओढला. सगळे बघत होते. फाट्याकडून आलेला मुकादमही दाराला टेकून बघत होता, कारण सोमवार त्याच्याही डोक्यावर होता. ताईंनी चार ओळी लिहिल्या. चाचांनी डाव्या-उजव्या डब्यांच्या मधे एक रिकामा डबा सरकवला. ताईंनी यंत्र चालू केलं.

पहिलं फळ आलं, आणि सगळं थांबलं.

मी डोळे मिटले. खरं सांगतो, मिटले. माझ्या डोळ्यांसमोर गाडी आली, फाटा आला, गाडीच्या टपावर बांधलेलं भांड्यांचं पोतं आलं. डोळे उघडले तर ताई पडद्यावर वाचत होत्या, ओठ हलवत, सगळ्यांना ऐकू येईल असं: “इथं फळ पाहिजे होतं. आलं ते कॅरेट हाय. ओळ एकतीस.”

घाईत जुनी सवय हातात आली होती. त्या एकतिसाव्या ओळीवर गेल्या, एक शब्द खोडला, एक लिहिला. घाम पुसायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात यंत्र परत चालू. लहान मऊ फळं मधल्या डब्यात पडायला लागली. चाचांनी टोपी सरळ केली. ते टेबलाच्या वरच होते, ह्याची इथं नोंद घ्यावी.

बाईंनी पडद्यावरचा तो मजकूर परत वाचायला मागितला. ताईंनी दाखवला. बाईंनी विचारलं, हे कोणी लिहिलं? मी तोंड उघडलं. चाचांनी माझ्या पायावर पाय दिला. ताई म्हणाल्या, “मी सांगितलं, ह्यांनी लिहिलं.” त्यात खोटं काहीच नव्हतं, त्यामुळं मला त्यात भर घालायला जागाच उरली नाही.

बाई अर्धा तास अजून बसल्या. त्यांनी ताईंना तीन वेळा नियम बदलायला लावले, आणि ताईंनी तीन वेळा बदलले. चौकीदारानं त्यात कोणालाही अडवलं नाही. अडवण्यासारखं कोणी आलंच नाही. निघताना बाई म्हणाल्या की पहिली गाडी गुरुवारी पाठवते, आणि हंगाम संपेपर्यंत दर गुरुवारी. हसल्या मात्र नाहीत. पण उरलेलं अर्धं सीताफळ त्यांनी रुमालात बांधून नेलं, आणि माझ्या मते ते हसण्यापेक्षा जास्त आहे.

त्यांची गाडी धुळीत दिसेनाशी झाली तसा मी सुटलो. चाचांना सांगायला लागलो की बघा, पुढच्या हंगामात अख्ख्या जिल्ह्यात अशी यंत्रं उभी राहतील, धर्मापुरीपासून आष्टीपर्यंत, आणि प्रत्येक यंत्रापाशी एकेक ताई बसलेल्या असतील, आणि कारखान्याच्या गाड्या फाट्यावर उभ्या राहून राहून गंजतील, त्यांच्या टायरांत चिमण्या घरटी करतील. चाचा म्हणाले, “पैले गुरुवार तर येऊ दे बे.”

मुकादम अजून दाराला टेकूनच होता. तो वाईट माणूस नव्हता. त्याला टोळी भरायची होती, एवढंच. त्यानं घसा खाकरला आणि ताईंना म्हणाला की बाई, नाव धरायला तुमीच सांगितलंय, दोघांची जागा राखून ठेवलीय, सोमवारी सकाळी सहाला गाडी फाट्यावर लागती, तर येताय ना?

ताई पट्ट्यावरचा गर फडक्यानं पुसत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “सोमवारी मला पाटोद्याला जायचंय. कॅरेटं कमी पडतील.”